बदामी पॅंट आणि तळ्याकाठचं वाचनालय

हे मी लिहिलेलं नाही, आधीच सांगतो. मी बोललो, आणि आमच्या शेजारच्या निर्मलावहिनींनी उतरवून घेतलं. वहिनी शाळेत मास्तरीण होत्या, आता रिटायर आहेत. आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्या दरवर्षी लोकांच्या मागे लागतात. यंदा डॉक्टर झाले, वकील झाले, बॅंकेचे मॅनेजर झाले, रेल्वेचे झाले, कोणीच उरलं नाही, तेव्हा माझा नंबर लागला.

मी म्हटलं, "वहिनी, मी चौथी नापास."

वहिनी म्हणाल्या, "म्हणूनच. बाकीचे फार लांब लिहितात."

आमचे पूर्वज दरबारात कारकून होते म्हणे. अक्षर मोत्यासारखं, असं आजोबा सांगायचे. मोठा भाऊ बॅंकेत गेला, मधला कॉलेजात शिकवायला लागला. अक्षरं त्या दोघांत वाटून संपली. माझ्या वाटणीला आकडे आले, तेही शून्यापासून नऊपर्यंतचे. पण देवाची लीला बघा, पोट त्या दहा आकड्यांवरच चाललं.

माझं काम होतं पट्टी धरायचं. कोणाला सांगितलं की लोकांना वाटतं जखमेवर बांधायची पट्टी. लग्नाच्या वेळी सासरेबुवांनाही मी दवाखान्यात आहे असंच वाटलं होतं, आणि मी काही बोललो नाही. तर ही पट्टी लाकडाची. तेरा फूट उंच, घडीची, तिच्यावर लाल-काळे आकडे. कुठे इमारत बांधायची असेल, रस्ता काढायचा असेल, तर आधी जमीन कुठे उंच आणि कुठे खोल ते मोजावं लागतं. साहेब लोक तीन पायांच्या घोडीवर दुर्बीण लावून एका जागी उभे राहतात. दुर्बीण एकदम आडवी, पाण्याच्या पातळीसारखी. मग दुसऱ्या माणसाने पट्टी घेऊन सगळ्या शेतात फिरायचं, दर वीस-पंचवीस पावलांवर ती उभी धरायची. दुर्बिणीतून पट्टीवरचा जो आकडा दिसेल तो साहेब वहीत लिहितात. जमीन खोल असेल तर आकडा मोठा, उंच असेल तर लहान. बस, एवढंच आहे. त्याच्यावरून नकाशा होतो, नकाशावरून डिझाइन होतं, डिझाइनवरून बिल्डिंग उभी राहते, आणि मग मंत्री येऊन फीत कापतात. पण सुरुवात कुठून? कोणीतरी उन्हात पट्टी धरून उभा असतो तिथून.

यात दिक्कत एकच. पट्टी धरणारा माणूस नेहमी लांब असतो. बाकीचे सगळे दुर्बिणीजवळ. चहा तिथे, सावली तिथे, गप्पा तिथे. हसण्याचा आवाज येतो पण कशाला हसले ते कळत नाही. मी आपला तिकडूनच हसायचो. बोलणं सगळं हातवाऱ्यांनी. साहेबाने डावा हात बाजूला केला की डावीकडे सरकायचं, उजवा केला की उजवीकडे. हात डोक्यावर नेऊन खाली आणला की समजायचं आकडा लिहून घेतला, पुढे चला. सगळ्या आयुष्यात माझ्याशी सगळ्यात जास्त कोणी बोललं असेल तर ते दोन हात.

आणि पहिल्या जमान्यातल्या दुर्बिणीत माणूस उलटा दिसायचा. खरंच सांगतो, डोकं खाली, पाय वर. साहेब लोकांना त्याची सवय असायची. मतलब वीसेक वर्षं मी जगाला उलटाच दिसलो. नवीन मशीन आली तेव्हा आमचे तिवारीजी दुर्बिणीतून बघून ओरडले, "अरे मनोहर भैया, तुम तो सीधे आदमी निकले!"

हे तिवारीजी म्हणजे आमचे सर्वेअर. उज्जैनच्या फ्रीगंजात एका जिन्याखाली त्यांचं ऑफिस, ऑफिस म्हणजे एक टेबल आणि एक कपाट. अठ्ठावीस वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं, आणि अठ्ठावीस वर्षं आम्ही एकमेकांपासून शंभर-दीडशे फुटांवर राहिलो. म्हणूनच टिकलं.

आता मुद्द्यावर येतो. वहिनी घड्याळ बघून राहिल्यात.

शहराबाहेर एक जुनं तळं आहे. तळ्याकडे उतरत जाणारी माळाची जमीन, काळी माती, मधेमधे काळा दगड, एक म्हातारं खिरणीचं झाड. तिथे सार्वजनिक वाचनालय बांधायचं ठरलं. गावातल्या लोकांना बसायला, वाचायला, मुलांना अभ्यासाला जागा. डिझाइन करायला भोपाळहून एक बाई आल्या. मेधाताई. वय असेल चाळीसच्या आसपास, मूळच्या आपल्याकडच्याच, उज्जैनला आजोळ. पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात कॅमेरा, आणि बरोबर एक थर्मास.

पहिल्या दिवशी त्यांनी काय केलं सांगू? काही नाही. खिरणीखाली बसून राहिल्या. सकाळी आठपासून दुपारपर्यंत. तिवारीजी घोडी लावून तयार, मी पट्टी घेऊन तयार, आणि बाई बसलेल्या. सावली कुठून कुठे जाते बघतायत, वारा कुठून येतो बघतायत. तिवारीजी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मैडम की तबीयत तो ठीक है न?"

ठेकेदार आला. तो म्हणाला, "मैडम, जेसीबी लगा के दो दिन में पूरा सपाट कर देते हैं. फिर आपको जैसी बिल्डिंग चाहिए, खड़ी करो."

ताई म्हणाल्या, "भैया, ज़मीन को मेरे हिसाब से नहीं बैठाना है. मुझे उसके हिसाब से बैठना है."

ठेकेदाराने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मला काय कळणार.

पण मग त्या मला समजावून सांगायला लागल्या. मला! म्हणाल्या, "दादा, बघा, ही जमीन पायऱ्या-पायऱ्यांनी तळ्याकडे उतरते. तर इमारतही तशीच उतरली पाहिजे. एक खोली वर, दुसरी चार पायऱ्या खाली, तिसरी त्याच्या खाली. छप्पर खिरणीच्या शेंड्यापेक्षा वर जाणार नाही. भिंती इथल्याच काळ्या दगडाच्या. लांबून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की ही इथे आधीपासूनच होती." मग नकाशावरच्या वाकड्यातिकड्या रेघा कशा असतात ते सांगितलं. तळ्याचं पाणी उन्हाळ्यात उतरत जातं तेव्हा काठाला एकाखाली एक अशा कडा पडतात न, तशा त्या रेघा. एका रेघेवर सगळी जमीन एका उंचीची. अठ्ठावीस वर्षं मी त्या रेघांसाठी पट्टी धरत होतो आणि रेघा कशाच्या ते मला पहिल्यांदा कळलं.

आणि मग त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून मला दिला आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, दादा? मोठी खोली कुठे असावी?"

वहिनी, हे नीट लिहा. मला कोणी तोपर्यंत असं विचारलं नव्हतं. घरात भावांनी विचारलं नाही, साइटवर साहेबांनी विचारलं नाही. बायको, आमची सुमन, विचारायची, पण ती भाजी काय करू एवढंच, आणि ती जाऊनही तेव्हा सहा वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला. घरी गेलो की मी आणि पंखा. त्यामुळे माझं डोकं एकदम फिरलं. मी हात लांब करून, एखाद्या इंजिनीयरसारखा डोळे बारीक करून म्हणालो, "तिकडे. त्या बेशरमच्या झाडीपाशी. तिथून तळं पूर्ण दिसतं."

ताई उठून बघून आल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं."

त्या दिवशी मी नानाखेड्यापर्यंत, म्हणजे घरापर्यंत, बसमधे उभा राहून आलो, सीट रिकामी असून. बसवतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी काय केलं? पेटीतून बदामी पॅंट काढली. साडूच्या मुलीच्या लग्नात शिवलेली, एकदाच घातलेली. इस्त्री केली. वर पांढरा शर्ट. केसांना तेल. आणि निघालो मे महिन्याच्या उन्हात माळावर पट्टी धरायला.

तिवारीजींनी लांबूनच हाक मारली, "क्यों मनोहर भैया, आज ससुराल जा रहे हो क्या?"

मी म्हटलं, "दूसरी ढूँढ रहा हूँ."

ताई हसल्या. बस, माझा दिवस झाला.

आता त्या बेशरमच्या झाडीत एक नाला होता. दोन्ही काठांना बेशरम, ते जांभळ्या फुलांचं कुठेही माजणारं झुडूप, माणसाच्या उंचीएवढं दाटलेलं, त्यामुळे लांबून बघितलं तर जमीन सरळ गेल्यासारखीच वाटायची. ताईंनी मला सकाळीच विचारलं होतं, "दादा, तिथे खाली किती खोल आहे?" आणि मी, ज्याने तिथे कधी पाय ठेवला नव्हता, म्हणालो, "काही नाही हो ताई, कमरेएवढंही नसेल." इंजिनीयर झालो होतो न कालपासून.

दुपारी नाल्याची पाळी आली. तिवारीजींनी हात केला, चला, नाल्याचा तळ घ्या. मी झाडी बाजूला करून खाली बघितलं. बाभळीचे काटे, आणि तळाला म्हशींनी लोळून केलेला काळा चिखल. मे महिन्यातही ओला. दीड माणूस तरी खोल. मी एकदा चिखलाकडे बघितलं, एकदा माझ्या पॅंटीकडे बघितलं. काठावर एक दगड होता, थोडासा उतारावर. मी पट्टी त्या दगडावर ठेवली, झाडीच्या वर तिचं टोक दिसेल अशी धरली. तिवारीजींना काय दिसणार? त्यांना आकडा दिसला. पट्टीचा पाय कुठे आहे ते झाडीमागे. त्यांनी लिहून घेतलं, हात वर नेऊन खाली आणला.

नाल्याच्या लांबीने अशा सात जागा होत्या. सातही ठिकाणी मी काठावरच उभा राहिलो. पॅंटीला डाग लागला नाही. संध्याकाळी ताई म्हणाल्या, "दादा, आज तुम्ही फार छान दिसताय." वहिनी म्हणतात हे वाक्य काढून टाकू का. नका काढू.

पंधरा दिवसांनी ताई साइटवर एक खोका घेऊन आल्या. आत मॉडेल. पुठ्ठ्याचे पातळ पातळ थर कापून एकावर एक चिकटवलेले, आपला तो सगळा माळ टेबलावर येईल एवढा केलेला. तळं, उतार, खिरणीच्या जागी एक वाळलेली काडी. त्यावर लाकडाच्या छोट्या छोट्या खोल्या, उताराबरोबर उतरत गेलेल्या. इतकं सुंदर दिसत होतं की मी टोपी काढली.

मग मी बेशरमच्या जागी बघितलं. नाला नव्हता. पुठ्ठा जरासा दबलेला, बस, गालावरच्या खळीएवढा. आणि त्या खळीवर सगळ्यात मोठी खोली.

ताई म्हणाल्या, "दादा, ही तुमची जागा. इथे हलकासा खळगा आहे, तो मुरमाने भरून घेऊ आणि त्यावर वाचनाची खोली. तुम्ही दिलेल्या लेव्हल्सवरूनच केलंय सगळं."

आता माणसाने तिथे तोंड उघडावं की नाही? मी उघडलं. म्हणालो, "बहुत बढ़िया, ताई."

पुढचे आठ दिवस मी जेवलो नाही असं म्हणणार होतो, पण वहिनींनी मला पोहे खाताना बघितलंय. खात होतो. मी स्वतःला समजवायचो, अरे, मुरूम टाकतील, पाइप टाकतील, इंजिनीयर लोक आहेत. पण मला माहीत होतं. कागदावर खळगा असेल तर खळग्याएवढाच पाइप पडतो. काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की फाटते. वरच्या सगळ्या माळाचं पाणी ज्या वाटेने तळ्यात जातं त्या वाटेवर तुम्ही खोली बांधली, तर खोली एक-दोन वर्षं ऐकून घेईल. मग भिंतीला चीर पडणार. आत पोरं वाचत बसलेली असणार. आणि लोक म्हणणार, भोपाळच्या बाईला काही कळत नव्हतं.

जूनच्या मध्याला आखणीचा दिवस आला. आखणी म्हणजे जमिनीवर खुंट्या ठोकून, दोरी ताणून, चुन्याने भिंतींच्या रेघा मारायच्या. ठेकेदाराला घाई, पाऊस पडायच्या आत मुरूम भरून घ्यायचा होता. ट्रक येऊन उभे होते. जेसीबीने बेशरम थोडं साफ केलं होतं, पण नाल्याच्या तोंडाशी अजून दाट होतं. दोरीचं एक टोक ताईंच्या हातात, दुसरं माझ्या. पांढरी रेघ सरळ झाडीत गेली.

तेवढ्यात एक म्हातारा ग्वाला म्हशी घेऊन आला. रोजचा त्यांचा तोच रस्ता. रेघ बघून तो थांबला.

"यां कईं बणई रिया हो?"

ताई म्हणाल्या, "वाचनालय, बाबा. किताबें रहेंगी, पढ़ने की जगह."

"अच्छी बात हे. पण पाणी कां जायगो? चौमासा में यां से हाथी बही जाय."

ताईंनी दोरी सैल सोडली. आणि त्या माझ्याकडे वळल्या. त्या म्हाताऱ्याकडे नाही, माझ्याकडे. "दादा, हे काय म्हणतायत?"

मी म्हणालो, "ताई, पावसाळ्यात इथून हत्ती वाहून जातो म्हणतायत. गावची माणसं आहेत. वाढवून सांगतात."

ताईंनी मान हलवली आणि त्या ग्वाल्याला फार गोड आवाजात सांगितलं, "बाबा, नाप हो गया है. हमारे दादा ने एक-एक जगह नापी है."

म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हशींना आवाज दिला आणि त्या एकेक करून झाडीत उतरल्या. पाठी दिसल्या, मग शिंगं दिसली, मग काहीच दिसेना. आख्ख्या म्हशी गिळल्या त्या कमरेएवढ्या खळग्याने. पण ताईंचं लक्ष नव्हतं, त्या नकाशात बघत होत्या. जो माणूस दिवसातून दोनदा त्या नाल्यातून जातो त्याला त्यांनी खोटं ठरवलं, माझ्यावर भरवसा ठेवून.

मी दोरी खाली ठेवली. पट्टी उचलली आणि झाडीत घुसलो. काट्यांनी शर्ट फाटला. घसरत घसरत तळाला गेलो, पिंढऱ्यांपर्यंत चिखलात. पट्टी पूर्ण तेरा फूट उघडली आणि उभी धरली. जशी तेव्हा धरायला पाहिजे होती तशी.

वरून तिवारीजींचा आवाज आला, "अरे मनोहर भैया! कहाँ गए? सिर्फ डंडा दिख रहा है!"

मी ओरडलो, "यहीं हूँ! नंबर पढ़ो!"

एक म्हैस माझ्याकडे बघत होती, तिला मी तिच्यातलाच वाटलो असेन. मग तिवारीजींनी आकडा वाचला. मोठ्याने, एकेक अक्षर वेगळं करून. दुसऱ्यांदा वाचला. मला वर दुर्बीण दिसत नव्हती, कोणाचे हात दिसत नव्हते. आकडा लिहून घेतला की नाही तेही कळेना, म्हणून मी पट्टी धरून तसाच उभा राहिलो.

मग काठावर ताई आल्या. खाली बघितलं. किती खोल आहे ते बघितलं, मी कुठे उभा आहे ते बघितलं.

"दादा, त्या दिवशी तुम्ही इथे उतरला नव्हतात?"

"नाही ताई."

"सातही जागी?"

"सातही."

"का?"

मी म्हणालो, "पॅंट नवीन होती."

वहिनी, आयुष्यभर मी लोकांना हसवलं. लग्नात हसवलं, मयतीत हसवलं. पण इतकं हसण्यासारखं मी कधी बोललो नसेन. आणि कोणी हसलं नाही. तिवारीजीही नाही. ताईंनी चेहरा बाजूला केला आणि ठेकेदाराला एवढंच म्हणाल्या, "भैया, ट्रक वापस भेज दो."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बसल्या, खिरणीखाली, पहिल्या दिवशी बसल्या होत्या तिथेच, आणि मॉडेलवरची ती मोठी खोली नखाने उचकटून काढली. थर्मास बाजूला होता. चहा कोणाला दिला नाही, स्वतःही घेतला नाही.

दोन दिवसांनी नाल्याचं माप परत घेतलं. पट्टी धरायला दुसरा माणूस आणला होता, रामप्रसाद, मक्सीकडचा, माझ्याच वयाचा. मी सवयीने पट्टीला हात घातला, तर ताई म्हणाल्या, "मनोहरजी, तुम्ही आज इकडेच थांबा."

मनोहरजी. तोपर्यंत दादा होतो.

तर त्या दिवशी मी पहिल्यांदा दुर्बिणीच्या बाजूला होतो. सावली होती, पाण्याचा माठ होता. तिवारीजींना माझी दया आली असेल. ते म्हणाले, "देखोगे?" अठ्ठावीस वर्षांत मी कधी दुर्बिणीतून बघितलं नव्हतं, काय असतं त्यात मला माहीतच नव्हतं. डोळा लावला. आधी धुरकट, मग एकदम स्पष्ट. लांब, झाडीच्या काठावर, ऊन सगळीकडे, आणि त्यात एवढासा माणूस. हातात काठी. इकडे बघत उभा. तो काय विचार करतोय कळत नव्हतं. घाम पुसला, परत काठी धरली, परत इकडे बघितलं. कोणीतरी काहीतरी सांगेल म्हणून वाट बघत होता.

मला काय वाटलं कोणास ठाऊक. मी हात हलवला त्याला. सहज, ओळखीच्या माणसाला हलवतो तसा.

त्याने पट्टी उचलली आणि डावीकडे चार पावलं सरकला.

तिवारीजी ओरडले, "अरे क्या कर रहे हो यार! पूरा रीडिंग बिगाड़ दिया!"

ते माझं शेवटचं काम. मग मी घरी बसलो. तिवारीजींनी दोनदा बोलावलं, मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा बरा होता.

वाचनालय झालं. ताईंनी सगळं डिझाइन नव्याने केलं. मोठी खोली खिरणीच्या बाजूला नेली. एका बाजूला वर्तमानपत्रं आणि म्हातारी मंडळी, दुसऱ्या बाजूला विद्यार्थी, आणि मधे नाला तसाच मोकळा सोडला. त्याच्यावरून एक छपराचा पूल, दोन्हीकडे दगडी कठडे, बसायला जागा. नाल्याच्या तळाशी ग्वाल्याची वाटही ठेवली. म्हशी खालून जातात आणि पोरं वर वाचत बसतात. छप्पर बुटकं, भिंती काळ्या, तळ्याच्या पलीकडून बघा, झाडापासून वेगळं ओळखू येत नाही. इंदूरहून लोक फोटो काढायला येतात. म्हणतात, "पुल ने तो कमाल कर दी." त्यांना काय सांगू, मूळ डिझाइनमधे तो पूल नव्हताच.

मुख्य दाराशी दगडावर सगळ्यांची नावं कोरलीत. वहिनींनी मला वाचून दाखवली. माझं नाही. चुकणाऱ्यांची नावं लिहायची पद्धत नाही, नाहीतर दगड पुरला नसता.

मी जातो तिथे, आठवड्यातून तीन-चार वेळा. नानाखेड्याहून बस पकडतो. पुस्तकं मला काय कामाची, मी पुलावर बसतो. पावसाळ्यात खालून पाणी जातं तेव्हा दगडाला कान लावला तर आवाज येतो. ग्वाला ओळख देतो आता. रविवारी तिथूनच मुलाचा व्हिडिओ कॉल घेतो. तो दर वेळी एकच सांगतो, "बाबा, फोन सरळ धरा." अठ्ठावीस वर्षं तेरा फुटांची पट्टी केसाचाही फरक न पडता सरळ धरली, आणि हा वीतभर फोन मला सरळ धरता येत नाही.

मागच्या थंडीत एक दिवस मी असाच पुलावर होतो. तळ्याच्या पलीकडच्या काठावर पंचवीस-तीस कॉलेजची मुलं-मुली आली, आणि त्यांच्यापुढे कॅनव्हासचे बूट, आपल्या ताई. केस पिकलेत थोडे, लांबूनही कळत होतं. हाताने दाखवून सांगत होत्या, जमीन, झाड, छप्पर, नाला. काय सांगत होत्या ते मला ऐकू येत नव्हतं, आपलं नेहमीचंच. मुलं हसली. मीही हसलो.

मग त्या बोलता बोलता थांबल्या. पुलाकडे बघितलं. एवढ्या लांबून माणूस कितीसा दिसतो हे आता मला माहीत आहे. मी उठून उभा राहिलो. तोंडाने काय बोलणार, उभाच राहिलो सरळ, दोन्ही हात शरीराला चिकटवून, जसा पट्टीमागे राहायचो.

त्यांनी डावा हात वर केला, बाजूला.

नमस्कार होता की ओळख होती की मुलांना खिरणी दाखवत होत्या, काही कळलं नाही. पण सवय कुठे जाते. मी दोन पावलं डावीकडे सरकलो.

त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी हात डोक्यावर नेला, आणि खाली आणला.